अडीचच्या बांगड्या

कोलशेतच्या आमच्या कारखान्यात कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला एक लाकडी फळी होती आणि फळीला खिळे ठोकलेले होते. प्रत्येकीचा खिळा ठरलेला. सकाळी आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, जे काय अंगावर असेल ते खिळ्याला अडकवायचं आणि संध्याकाळी घालून घरी जायचं. दाराजवळचा पहिला खिळा मालूचा. मालू गुणाजी कोळी. तिच्याबद्दल मी लिहिते आहे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. कारखान्याच्या दारात ज्यांची नावं संगमरवरात कोरली आहेत, ते सगळे फीत कापायला आलेले लोक. त्यांनी आतलं एकही मशीन हातानं चालवलेलं नाही.

मी हेमा. राहणार कळवा, मूळ गाव राजापूरकडचं. शहाऐंशी साली मी आणि मालू एकाच आठवड्यात कामाला लागलो. ती कोलशेत गावातलीच, खाडीच्या काठची. मी कळव्याहून दोन रिक्षा बदलून यायची आणि ती पायी यायची, तरी उशीर तिलाच व्हायचा. विचारलं तर म्हणायची, "जवल राहतंय म्हणून उशिरा निघतंय गो."

आमचं काम काय, असं कुणी विचारलं की मी एकच शब्द सांगायची: लहान करायचं. बंगळूरहून उपग्रहाच्या सर्किटचे नकाशे यायचे. जुन्या पद्धतीनं ते सर्किट बनवलं तर परातीएवढं कार्ड व्हायचं, त्यावर शेंगदाण्याएवढे भाग डाग देऊन बसवलेले. तेच सगळं आम्ही काडेपेटीएवढ्या धातूच्या डबीत बसवायचो. चिनीमातीच्या पातळ पट्टीवर साहेब लोक रेघा छापून, भट्टीत भाजून द्यायचे. त्यावर उघड्या चिपा चिकटवायच्या आणि चिपेपासून रेघेपर्यंत सोन्याची तार जोडायची. तार केसाहून बारीक. नुसत्या डोळ्यांनी दिसली तर नशीब. मायक्रोस्कोपला डोळे लावून, मशीनच्या सुईनं तारेचं एक टोक इकडे दाबायचं, कमान करायची, दुसरं टोक तिकडे दाबायचं. मग पुढची. एका डबीत अशा शंभरावर तारा. शेवटी झाकण लावून डबी कायमची बंद करायची, कारण वर गेल्यावर ती उघडायला कुणी जाणार नाही.

इतकं लहान कशासाठी, तर वजनासाठी. इथून वर जायचं तर प्रत्येक ग्रॅमला जागा मागावी लागते. आमचे सेक्शनचे साहेब बाबुराव हे पाहुण्यांना सांगताना अगदी फुलून यायचे. मालूबद्दल मात्र ते एक थाप मारायचे. "ही कोळ्यांची मुलगी. जाळं विणणारे हात आहेत, म्हणून तार इतकी छान जोडते." पाहुणे माना हलवायचे. मालूला जाळं विणता येत नव्हतं. तिचा नवरा गुणाजी विणायचा, आणि तो तिला जाळ्याला हातही लावू द्यायचा नाही, गाठी सैल पडतात म्हणून. तारा जोडायला ती कारखान्यातच शिकली, माझ्यासारखीच, पहिल्या महिन्यात रडून रडून.

सुरुवातीला बांगड्या काढायचा नियम एवढा कडक नव्हता. हातातल्या काचेवर पांढरी फडकी बांधायची, वर गाऊनची बाही ओढायची, टोपी आणि मास्क लावायचा की झालं. कपाळाला कुंकू असलं तरी कुणी बोलत नव्हतं. मग अठ्ठ्याऐंशीची संक्रांत आली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायकांनी कँटीनमध्ये हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या गाळण्या वाटल्या. हळद बोटांना, कुंकू कपाळाला आणि हौशी बायकांनी भांगातही भरलं. भोंगा झाला तसे ओल्या रुमालानं कपाळ पुसून सगळ्या आत पळालो. हात धुवायला नळ होता, पण तो अंगणाच्या पलीकडे, आणि तिथवर जाऊन यायला वेळ कुणाला होता?

बंद केलेल्या डब्यांची एक परीक्षा असते. डबी एका मशीनवर ठेवून जोरात हलवतात आणि कानाला यंत्र लावून ऐकतात. आत एखादा सुटा कण असेल तर तो झाकणावर आपटतो आणि त्याचा आवाज येतो. वर वजनच नसतं, त्यामुळे कण खाली बसत नाही, तरंगत राहतो आणि कुठल्या दोन तारांमध्ये जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. आवाज आला की डबी बाद. त्या आठवड्यातल्या डब्या एकामागून एक वाजायला लागल्या. बाबुरावांनी एकीचं झाकण कापून ती मायक्रोस्कोपखाली धरली आणि आम्हा सगळ्यांना ओळीनं बघायला लावलं. सोन्याच्या दोन कमानींच्या मधोमध कुंकवाचा कण पडला होता. नुसत्या डोळ्यांना तो दिसलाही नसता. तिथे तो गावच्या वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या धोंड्याएवढा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. यापुढे तार जोडायच्या कामावर लग्न झालेल्या बायका नकोत, त्यांना हळूहळू पॅकिंगला हलवावं. म्हणजे पगार कमी, आणि हातात आलेलं काम गेलं. आम्ही बायका कपडे बदलायच्या खोलीत कुजबुजत बसलो. मालू उठली आणि गाऊनसकट बाबुरावांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या पाठोपाठ मीही गेले, कारण मला राहवेना.

"चूक आमची हाय साहेब," ती म्हणाली. "पन नल बाहेर ठेवलाव ती तुमची हाय. नल आत आना. हलदीकुकू सुट्टी झाल्यावर करू. बांगड्या काढू, कुकू पुसू, सगला काढून ठेवू. बायांना काढू नका."

"सगळं म्हणजे? मंगळसूत्रसुद्धा?" बाबुराव म्हणाले. ते एकदम नरमलेच. अशी गोष्ट बायकांना कशी सांगायची, या अडचणीत ते दोन वर्षं अडकलेले होते.

"सगला."

नोटीस उतरली. खोलीत नळ आला, फळी आली, खिळे आले. पहिल्या खिळ्यावर मालूनं बांगड्या अडकवल्या. आम्ही बाकीच्या तिला मनातल्या मनात शिव्या देत आपापल्या खिळ्याकडे गेलो. मला आठवतं, पहिल्या दिवशी मोकळ्या मनगटाकडे बघून मला रडू आलं होतं. मालू म्हणाली, "रडू नकोस, खारा पानी गाऊनवर सांडल."

तिच्या अडचणीपुढे आमची अडचण काहीच नव्हती. कोळ्यांमध्ये लग्नात बाईच्या उजव्या हाताची काच दर्याला देतात. नवरा पाण्यावर असतो, त्याला दर्यानं सांभाळावं म्हणून. त्या हातात पुढे चांदीची एक बांगडी तेवढी घालायची. हिरवी काच फक्त डाव्या हातात, आणि ती मनगटाला घट्ट, एकदा भरली की फुटेपर्यंत निघायची नाही अशी. मालू रोज साबण लावून ओढून ओढून काढायची, मनगट सोलून निघायचं. शेवटी तिनं गावात फिरणाऱ्या महिपत कासाराला सांगितलं, "सव्वादोनच्या नको, अडीचच्या भर."

"सैल होतील, मालू. हातातून गळून पडतील. बाया हसतील तुला," महिपत म्हणाला.

"गलल्या तर उचलीन."

आणि तिथून ही गोष्ट गावात फुटली. मालूची सासू जनी ही तरणीताठी असताना विधवा झालेली बाई. टोपली डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात मासळी विकून तिनं गुणाजीला वाढवलं. ती बोलायला लागली की गल्ली ऐकायची. त्या दिवशी मी मालूकडे जेवायला गेले होते, म्हणून मीही ऐकलं.

"माझा पोर खाडीन असतो, ना तू हातानची काच काढतंस?" जनीमावशी म्हणाल्या. "उजव्या हातची दर्याला दिली. डाव्या हातची नवऱ्याची. ती तू कंपनीला दिलीस."

"दिली नाय आये. खिल्याला अडकवतंय. सांजच्याला परत घालतंय."

"घटका दोन घटका हात मोकला ठेवाला तू काय रांडाव हायस?"

मी जेवता जेवता थांबले. गुणाजी मात्र ताटातला बोंबील काट्यापासून सोडवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आये, मना दर्याची भीती नाय. तुमच्या दोघींची हाय." मालू हसली. सासू हसली नाही. गणपती-गौरीत शेजारच्या बायका मालूला कुंकू लावायचं टाळायला लागल्या, तर ही सरळ त्यांच्याच करंड्यात बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला लावायची आणि प्रसाद मागून घ्यायची. मला तिचं हे फार आवडायचं. आम्ही बाकीच्या असं काही झालं की घरी जाऊन नवऱ्यावर राग काढतो.

अशी तीन-चार वर्षं गेली. डब्या वाजायच्या बंद झाल्या. मालूच्या हातच्या डब्या तर अशा जायच्या की ऐकणारा गोविंदा कंटाळून जांभया द्यायचा.

एक्क्याण्णवच्या थंडीत, डिसेंबरात, एका शुक्रवारी सकाळी खाडीवर दाट धुकं होतं. गुणाजी होडी घेऊन गेलेला. रेती काढणारे बार्ज तेव्हा खाडीत रात्रंदिवस फिरायचे, ना दिवा ना भोंगा. त्यातल्या एकानं होडीला धडक दिली आणि तसाच पुढे निघून गेला. मीराबाई, आमच्या कारखान्यात गाऊन धुणारी, कोलशेतातच राहायची. तिनं मला निरोप धाडला. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि भरती ओसरल्यावर गुणाजी सापडला होता.

त्याला अंगणात आणून ठेवलं होतं. जनीमावशी त्याच्या पायाशी बसल्या होत्या. बार्ज कुणाचा, नंबर काय, पोलिसात कोण गेलं, यातलं कुणी काही बोलत नव्हतं. बायका बोलत होत्या त्या बांगड्यांबद्दल. रोज उठून काढायची, लागला ना तळतळाट. हे गुणाजीच्या प्रेतासमोर, मालूला ऐकू जाईल अशा बेतानं. मला तेव्हा जो राग आला तो आजही उतरलेला नाही. मग दोन म्हाताऱ्या बायका मालूचा डावा हात धरायला पुढे आल्या. एकीच्या हातात दगड होता.

मालूनं हात मागे घेतला.

"आज वार कंचा हाय?" तिनं विचारलं.

 मीराबाई म्हणाली, "शुक्रवार गो."

ठाण्यातल्या कारखान्यांना तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, विजेच्या हिशेबानं. हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक.

"शुक्रवारी कंपनी बंद असतं," मालू म्हणाली. तिचा आवाज फाटलेला होता, पण ती एकेक शब्द सांगत होती. "कालच्या सांजपासून मी घरान हाय. बांगड्या हातान व्हत्या. कुकू कपालाला व्हता. मंगलसूत्र गल्यान व्हता. सगला जागेवर व्हता. तरी गेला ना तो? मग ज्यांनी त्याला राखला नाय त्या फोडून आता कोनाला राखताव? मी कामासाठी काढतंय. दुसऱ्या कोनासाठी काढायची नाय."

दगड घेतलेल्या बाईनं जनीमावशींकडे बघितलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर चार जणींनी मालूला धरलं असतं आणि मी एकटी काही करू शकले नसते. जनीमावशी लेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. ती बाई दगड घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि मग मागे सरली.

तेरावं आटोपल्यावर मालू कामावर आली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या. कपडे बदलायच्या खोलीत आली तर तिच्या खिळ्यावर रतन नावाच्या नव्या मुलीचं कडं. मीराबाई कानकोंडी झाली. "मीच दिला गो तिला. रिकामा खिला बघून तुला वाईट वाटल असं वाटला."

"रिकामा कशाला राहील?" मालू म्हणाली. तिनं कडं काढून शेजारच्या खिळ्याला लावलं, स्वतःच्या बांगड्या आपल्या खिळ्याला लावल्या आणि हात धुवायला गेली. रतन बिचारी सॉरी सॉरी म्हणत राहिली.

आत बाबुराव वाट बघत होते. वाईट माणूस नव्हे. सगळ्यात जास्त ताप अशाच माणसांचा होतो, कारण ते भल्यासाठी सांगतात. "मालूबाई, थोडे दिवस पॅकिंगला बसा. हात स्थिर लागतो या कामाला. आणि हा लॉट उपग्रहावर जायचाय."

"हात बघा ना मग."

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येकानं नमुन्याच्या पट्टीवर काही तारा जोडायच्या असतात. मग बारीक आकडी तारेखाली घालून वर ओढतात आणि तार किती ग्रॅमला तुटते ते बघतात. त्या तारा तुटण्यासाठीच जोडलेल्या. मालू बसली, मायक्रोस्कोपला डोळे लावले. मी शेजारी होते, माझ्या सुईखालची तार दोनदा निसटली. तिनं नमुना पुरा करून दिला. बाबुरावांनी स्वतः ओढून बघितलं. सगळ्या तारा पास झाल्या, पण एक नेहमीपेक्षा कमी भरली. बादच्या रेघेच्या वर होती, पण अगदी जवळ.

"बघा," बाबुराव म्हणाले. "मी म्हणत होतो ना."

"पास हाय का नापास?"

"पास आहे, पण..."

"साहेब, गोविंदाचा बाप वारला तेवा तो तार जोडायलाच बसायचा. चौथ्या दिवशी आला. त्याला पॅकिंगला बसवला का? त्याची तार ओढून बघितली का असा उभा राहून?"

गोविंदा पलीकडे कानाला यंत्र लावून बसला होता. त्यानं यंत्र काढलं. "नाय साहेब," तो म्हणाला. "मला कोणी काय नाय बोललं." बाबुरावांनी नमुना ट्रेमध्ये ठेवला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले. तो लॉट मालूनं जोडला.

गाव एवढ्यानं ऐकणारं नव्हतं. महिपत कासारानं मालूच्या दारी यायचं सोडलं. शेजारणींकडे बसायचा, पेटी उघडायचा, जनीमावशींच्या दारावरून मान खाली घालून पुढे जायचा. काच ती काच. रोज काढायची, रोज घालायची, त्यात एकेक बांगडी तडकत गेली. होळीला पाच उरल्या होत्या. पावसाळ्यात एकदा खिळ्यावरून घसरून दोन फरशीवर फुटल्या. आम्ही सगळ्या खाली वाकून काचा वेचायला लागलो, एकही कण आत जाता कामा नये म्हणून. मालू तशीच उभी राहिली होती.

"ठाण्याला चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "जांभळी नाक्यावर हव्या तेवढ्या मिळतील. कोण विचारतंय तिथे?"

"म्हणूनच नाय," ती म्हणाली. "ठान्याशी आनल्या म्हंजे चोरून घातल्या. कोलशेतान भरीन नायतर नाय भरीन."

मला वाटलं, झालं. उरलेल्या तीन फुटल्या की संपलं, कुणी दगड न उचलता. ती हरणार आणि कुणालाच त्याची लाज वाटणार नाही, याचाच मला राग येत होता.

त्याच दिवसांत आमच्या डब्या घेऊन उपग्रह वर गेला. कारखान्यात पेढे वाटले, फोटो काढला. फोटोत बाबुराव मध्ये आहेत, आम्ही कडेला. मालूचा डावा हात कुणाच्या तरी खांद्याआड गेला आहे. नंतर बंगळूरहून कळलं की वर सगळं ठीक चालू आहे. मालूनं घरी जाऊन सासूला सांगितलं, दोघींनी टीव्हीवर रॉकेटचं ते आगीचं शेपूट बघितलं. जनीमावशींनी एवढंच विचारलं म्हणे, "ह्यान तुझा काय हाय?" मालूनं त्यांना सोन्याच्या तारेबद्दल सांगितलं, डबीबद्दल सांगितलं, आणि चार वर्षांमागच्या त्या कुंकवाच्या कणाबद्दलही सांगितलं. घरात तिनं तो प्रकार कधी काढलाच नव्हता. जनीमावशींनी टीव्ही बंद केला. मग विचारलं, "एवढासा कन, ना तेवढ्यान बंद पडतं?"

"पडतं आये."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मालूनं मला घरी बोलावलं. गल्लीत धांदल चालली होती. होड्यांना रंग देऊन झाला होता, बायका नव्या लुगड्यांच्या घड्या मोडत होत्या आणि महिपत कासार शेजारच्या ओट्यावर पेटी उघडून बसला होता. आठ-दहा जणी त्याच्याभोवती. मालू आत नारळाच्या करंज्या तळत होती. जनीमावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, आत आल्या, मालूच्या हातातला झारा काढून माझ्या हातात दिला आणि तिला मनगटाला धरून बाहेर नेलं. मी झारा तसाच हातात घेऊन मागे गेले. करंज्या करपल्या.

ओट्यावरच्या बायका बाजूला सरकल्या. जनीमावशींनी सुनेला महिपतच्या पुढ्यात बसवलं आणि तिचा डावा हात पेटीवर ठेवला. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात उघडे होते, गुणाजी लहान होता तेव्हापासूनचे.

महिपतनं आजूबाजूला बघितलं. मग सवयीनं सव्वादोनच्या हिरव्या बांगड्यांचा जुडगा उचलला.

"त्या नको," जनीमावशी म्हणाल्या. "अडीचच्या भर. हिला रोज कामाला जाताना काढायच्या अस्तान."